जात चोरणं आणि नाव सांगणं

1901 सालचा उन्हाळा. साताऱ्याहून निघालेली चार मुलं मसूर स्थानकावर गाडीतून उतरली. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते आणि त्यांनी सुट्टीसाठी मुलांना बोलावून घेतलं होतं. अंगावर नवे कपडे, पायांत नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. घ्यायला मात्र कुणीच आलं नव्हतं, कारण मुलांनी पाठवलेलं पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं. एवढी नीटनेटकी मुलं पाहून स्टेशनमास्तरांनी मायेने चौकशी केली आणि शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला : कोण तुम्ही? नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, महार. मास्तरांचा चेहरा तिथल्या तिथे बदलला. स्थानकाबाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान या मुलांना घेईना. अखेर दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक जण तयार झाला, तोही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून पायी चालणार.

सोळा वर्षांनी तेच भीमराव आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका मुक्कामाच्या जागेत सोय होण्याजोगी होती, पण ती फक्त पारशांसाठी. त्यांनी नोंदवहीत पारशी नाव लिहिलं आणि दिवसाला दीड रुपया भाड्याने तिथे राहू लागले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून होते.

हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी 1935-36 च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवले. त्या टिपणांना त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असं नाव दिलं. ती पुस्तिका म्हणून छापली गेली 1990 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चौतीस वर्षांनी. मराठीत स्वतःविषयी खरं सांगण्याचा इतिहास पाहायचा तर या दोन प्रसंगांपासून सुरुवात करावी. मसूरच्या मुलाने खरं सांगितलं आणि किंमत मोजली. बडोद्याच्या पदवीधराने नाव लपवलं, तरी किंमत चुकली नाही.

बडोद्यात जे घडलं त्याला मराठीत एक नेमका शब्दप्रयोग आहे : जात चोरणं. लपवणं म्हणत नाहीत, चोरणं म्हणतात. आपलीच जात आपण चोरायची आणि पकडले गेलो की चोराचा मार खायचा, असा उलटा न्याय या क्रियापदात दडला आहे. शहरात खोली भाड्याने घेताना, नव्या कचेरीत पहिल्या दिवशी डबा उघडताना, प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाने ‘आडनाव काय म्हणालात?’ असं सहज विचारताना हा प्रसंग पुन्हा पुन्हा उभा राहत आला आहे. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारलं जातं, मग गावातली आळी, मग देव.

1963 मध्ये बाबूराव बागुलांनी या शब्दप्रयोगाला थेट पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणलं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह. बागुल मूळचे नाशिकजवळच्या विहितगावचे, वाढले मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेच्या बाजूला जातो आणि जात न सांगता राहतो. तिथेच काशिनाथ नावाचा दुसरा एक जण आहे. तो जात उघड सांगतो आणि अंगावर येणाऱ्याला अंगावर घेतो. शेवटी गुपित फुटतं, तरुणाला बेदम मार पडतो आणि काशिनाथच त्याला सोडवतो. मार खाल्लेला तरुण म्हणतो की मारणारी ही माणसं नव्हती, मारलं ते मनूने. या कथेची खरी ताकद तिच्या नावातल्या ‘मी’मध्ये आहे. त्याआधीच्या मराठी कथेत अस्पृश्य माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी कणवेचा विषय होऊन येई. इथे तो स्वतःच्या तोंडाने, स्वतःची भीतीसुद्धा न झाकता बोलू लागला.

खरं तर या ‘मी’आधी मराठीत एक ‘आम्ही’ होता आणि तो बराच जुना आहे. चोखोबांनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगांतून आपली जात लपवली नाही, ती विठ्ठलासमोर मांडली. पुढचं मोठं नाव एका शाळकरी मुलीचं आहे. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. तेव्हा ती चौदा वर्षांची होती असं मानलं जातं. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचं धर्मपुस्तक कोणतं, असा तिचा प्रश्न आहे. आपल्या बायकांना डोक्यावर छप्परही नसताना थंडी-पावसात बाळंत व्हावं लागतं, हे ती लिहिते. मिशनऱ्यांच्या नियतकालिकात, छापील मराठीत, एवढ्या निर्भयपणे. तो निबंध आज वाचताना सर्वांत जास्त जाणवतो तो तिच्या वाक्यांतला ठामपणा. आपल्याला बोलायचा अधिकार आहे का, अशी शंका त्यात एकदाही डोकावत नाही. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं काढून तिने हे कमावलं होतं.

त्यानंतरची शंभर वर्षं मुख्यतः सार्वजनिक लेखनाची. गोपाळबाबा वलंगकरांचं ‘विटाळ विध्वंसन’, शिवराम जानबा कांबळ्यांचा ‘सोमवंशीय मित्र’, नागपूरच्या किसन फागू बनसोड्यांची वृत्तपत्रं, आणि 31 जानेवारी 1920 रोजी निघालेला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’. हे सगळं लेखन अर्ज, युक्तिवाद, जाब आणि आवाहन या घाटाचं. त्यात बोलणारा समाज होता. एकट्या माणसाला माझ्या आईला कुणी काय म्हटलं, मी कशाला घाबरलो, मी स्वतः कुणाशी वाईट वागलो, हे सांगायला अजून जागा नव्हती. ती जागा तयार व्हायला एक इमारत आणि एक नियतकालिक लागलं.

ही इमारत औरंगाबादची. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये तिथे महाविद्यालय काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच अक्षर पाहणारी मुलं तिथल्या वसतिगृहात एकत्र राहिली. ज्या खोलीत सगळ्यांचीच जात ठाऊक आहे, तिथे ती चोरावी लागत नाही. आत्मविश्वास हा लेखकाच्या छातीत आपोआप उगवतो, असं मानण्याची आपल्याला सवय आहे. मिलिंदचा इतिहास त्या समजुतीला पुरावा देत नाही. रात्री दिव्याखाली आठवणी सांगायला समोर ऐकणारे होते, दुसऱ्या दिवशी त्या लिहून काढायला सांगणारे प्राध्यापक होते आणि लिहिलेलं छापायला अंक होता. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ साठच्या दशकाच्या अखेरीस इथूनच निघालं. पुढची चार दशकं नव्या लेखकाचं पहिलं लेखन छापण्याचं काम त्यांनी एखाद्या व्रतासारखं केलं.

याच आवारात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्यही पोचलं. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्यावर सातत्याने लिहिलं. त्यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक 1978 मध्ये आलं. ही ओळख अचानक झालेली नव्हती. जोतिरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि डू बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. 1972 मध्ये मुंबईच्या तरुण कवी-लेखकांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, तेव्हा त्या नावामागे शंभर वर्षांची ही ये-जा होती.

वर्ण आणि जात एक नव्हेत. कातडीचा रंग लांबून दिसतो, जात विचारून काढावी लागते. तरीही अमेरिकेतही ‘चोरणं’ होतंच. उजळ रंगाची माणसं गोऱ्यांत मिसळून राहत आणि आयुष्यभर ओळखलं जाण्याच्या धास्तीत जगत. जेम्स वेल्डन जॉन्सन यांची याच विषयावरची कादंबरी 1912 मध्ये लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तिच्यावर त्यांचं नाव आलं ते 1927 च्या आवृत्तीत. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातच न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कवी-लेखकांची नवी पिढी पुढे आली होती. तिच्यातल्या लँग्स्टन ह्यूज यांनी 1926 मध्ये एका निबंधात एका तरुण कवीची गोष्ट सांगितली. त्याला कृष्णवर्णीय कवी म्हणून नको, नुसता कवी म्हणून ओळखलं जायला हवं होतं. ह्यूज यांना त्या इच्छेच्या तळाशी आपल्याच माणसांपासून दूर पळण्याची ओढ दिसली. पन्नास वर्षांनी मराठीत हाच वाद तितक्याच तावातावाने झाला : ‘दलित लेखक’ म्हणवून घ्यायचं की नुसतं ‘लेखक’? दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. मराठीतला हा वाद ह्यूज यांच्या निबंधाएवढा सरळ नाही. पुरस्कार, परिसंवाद आणि पाठ्यपुस्तकांत ‘दलित’ या शब्दाची एक वेगळी रांग लावली गेली, आणि त्या रांगेत उभं राहायला नकार देणाऱ्या प्रत्येकावर पळपुटेपणाचा आरोप करणं अन्यायाचं ठरेल.

1978 मध्ये ग्रंथालीने दया पवारांचं ‘बलुतं’ प्रसिद्ध केलं आणि मराठी वाचक हादरला. पवार अकोले तालुक्यातले, अहमदनगर जिल्ह्यातले. मुंबईत नागपाड्याजवळच्या कावाखान्यात त्यांचं लहानपण गेलं. ‘कोंडवाडा’ या संग्रहामुळे कवी म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. पण आत्मकथन लिहिताना त्यांनी जी युक्ती केली, ती पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. पुस्तकात दोन माणसं बोलतात. एक दगडू मारुती पवार, दुसरा दया पवार. दगडू हे जन्मनाव, दया हे शिकलेल्या, कचेरीत जाणाऱ्या, संमेलनांत बोलावल्या जाणाऱ्या माणसाचं. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. जात चोरणाऱ्या माणसाचेही असेच दोन तुकडे होतात, एक आत आणि एक बाहेर. पवारांनी त्या दोघांना समोरासमोर बसवलं.

त्यातला प्रामाणिकपणा फक्त गावाच्या क्रौर्यापुरता असता, तर पुस्तक इतकं टिकलं नसतं. येसकराची पाळी, मेलेलं ढोर ओढणं, दारोदार मागितलेली भाकरी हे सगळं त्यात आहे. पण पहिल्या बायकोवर संशय घेऊन तिला आपण कसं सोडलं, हेही दगडू सांगतो. ते वाचताना त्याच्याविषयी राग येतो. त्याने तो येऊ दिला आहे. ज्याच्यावर जन्मभर अन्याय झाला तो माणूसही अन्याय करू शकतो, हे स्वतःवर लिहायला जी हिंमत लागते, तिच्यापुढे गावच्या पाटलाविरुद्ध लिहिणं सोपं म्हणावं लागेल.

या लेखनाला विरोध झाला तो दोन्हीकडून. पांढरपेशा वाचकांतल्या काहींना ते घाण उकरल्यासारखं वाटलं. त्याहून जिव्हारी लागणारा विरोध आपल्या माणसांचा होता. शिकून, नोकरी मिळवून, शहरात ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांना ‘आता कुठे चार लोकांत मान मिळतोय, तर हे सगळं चव्हाट्यावर कशाला?’ असं वाटत होतं. त्यांची भीती खोटी नव्हती. लेखक आपलं नाव सांगतो तेव्हा भावाचं, बहिणीचं, मुलांचंही नाव सांगून टाकतो आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आत्मकथनांच्या कौतुकात ही बाजू सहसा येत नाही.

‘बलुतं’नंतर दहा वर्षं नुसता ओघ होता. प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, कैकाडी समाजातल्या लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांतल्या एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहिलं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही नावंच पाहावीत. शिवी म्हणून किंवा हिणवायला वापरले गेलेले शब्द लेखकांनी स्वतःच मुखपृष्ठावर छापले.

शरणकुमार लिंबाळ्यांनी तर 1984 मध्ये सगळ्यांत बोचरा शब्द उचलला, ‘अक्करमाशी’. सोनाराच्या मापात बारा माशांचा एक तोळा. जो अकराच माशांचा, तो अपुरा, म्हणून अनौरस. आई महार, बाप पाटील. शाळेच्या पटावर बापाचं नाव काय लावायचं, या प्रश्नापासूनच त्या मुलाची फरपट सुरू होते. आजीसोबत राहणारा एक मुसलमान माणूस त्याला आजोबाची माया देतो आणि जात, धर्म, रक्त यांचे सगळे हिशेब त्या एका झोपडीत कोलमडून पडतात. हे लिहिलं तेव्हा लिंबाळे पंचविशीच्या आसपासचे होते. आत्मचरित्र म्हणजे कृतार्थ म्हातारपणी मागे वळून पाहणं, अशी मराठीतली जुनी धारणा. पंचविशीत कसलं आत्मचरित्र, असं विचारलं गेलं. म्हणूनच या लेखनासाठी ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ हा वेगळा शब्द रुजला. यात चरित्र पूर्ण झालेलं नसतं, कथन मात्र तातडीचं असतं.

आडनावाचा खेळ सर्वांत स्वच्छ दिसतो तो कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये. नागपूरच्या कुमुद सोमकुवर संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. ज्या भाषेचा उच्चारही त्यांच्या पूर्वजांना वर्ज्य होता, तीत उत्तम यश मिळवून त्या नोकरी शोधू लागल्या, पण दारं बंद. त्यांनी आंतरजातीय विवाह केला, आडनाव बदललं आणि मग सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. आपल्या यशाचं श्रेय सोमकुवरला मिळालेलं नाही, ते पावडेला मिळालं आहे, हे त्यांनी अजिबात न लपवता लिहिलं. तेच ज्ञान, तीच बाई, फक्त अर्जावरचं आडनाव वेगळं. याहून नेमका पुरावा एखाद्या आयोगाच्या अहवालातही सापडायचा नाही.

नावाइतकीच महत्त्वाची गोष्ट भाषेची. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती आणि तीत त्यांनी कवितांमधले बरेच शब्द आपल्याला कळत नव्हते, हे मोकळेपणाने कबूल केलं. एका नामवंत लेखकाने असं कबूल करणं ही 1972 सालातली मोठी गोष्ट होती. तोवर न कळणारा शब्द हा लिहिणाराचा दोष मानला जाई. जुळाऱ्याने खिळे जुळवावेत, मुद्रितशोधकाने लाल शाईने ‘जल्म’चा ‘जन्म’ करावा, ही रीतच होती. सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षिका शांताबाई कांबळ्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. आधी ती ‘पूर्वा’ मासिकातून आली आणि 1986 मध्ये तिचं पुस्तक झालं. ज्या बाईने आयुष्यभर वर्गात प्रमाण मराठी शिकवली, तिला ‘माझ्या’ आणि ‘जन्म’ लिहिता येत नव्हतं असं कोण म्हणेल? तिने जाणूनबुजून घरचा शब्द मुखपृष्ठावर ठेवला. पुढे दूरदर्शनने या पुस्तकावरून ‘नाजुका’ ही मालिका केली.

1986 मध्येच फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं. त्यांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या आणि लिहिलेलं जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. जात चोरावी लागू नये म्हणून ज्यांची उभी पिढी झगडली, त्यांच्याच घरात बाईला लेखणी चोरावी लागत होती. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषी तेव्हा फलटणमध्येच राहत होत्या. त्यांच्या आग्रहामुळे ते कागद बाहेर आले आणि 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले.

‘जिणं आमुचं’मध्ये ‘मी’ फार थोडा आणि ‘आम्ही’ फार मोठा आहे. मुक्ता साळवेचा धागा तिथे पुन्हा दिसतो. महारवाड्यातल्या आषाढातल्या जत्रा, उपाशी बाळंतिणी, नवऱ्यांनी कापलेली सुनांची नाकं, आणि बाबासाहेबांचा शब्द कानी पडल्यावर बदललेल्या बायका. समाजातल्या पुरुषांच्या मारहाणीविषयी त्या स्पष्ट लिहितात, पण स्वतःच्या संसाराविषयी पुस्तकात जवळजवळ गप्प आहेत.

ते मौन पुढे सुटलं. माया पंडित यांनी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत बेबीताईंची मुलाखतही छापली आहे. तीत त्यांनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचाही. पुस्तकात हे का नाही, याचंही उत्तर त्यांच्यापाशी होतं. हे दुःख त्यांच्या एकटीचं नव्हतं, बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेलं होतं आणि त्यांना लिहायची होती ती समाजाची कथा. पुस्तक आलं तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. मुलाखतीत हे बोलल्या तेव्हा सत्तरी कधीच ओलांडली होती. 2012 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मराठीत आजही ‘जिणं आमुचं’ वाचणाऱ्याला त्यांच्या संसाराची ही गोष्ट पुस्तकात सापडत नाही. ती वाचायला त्याला इंग्रजी अनुवाद उघडावा लागतो.